बल्गेरियात अडकलेले माझे पैसे

हसणार असाल तर खुशाल हसा. माती मीच खाल्लीय, आता लाजून काय उपयोग?

मला नाद आहे निरोप घेणाऱ्या नोटा जमवायचा. एखादा देश आपलं चलन सोडून दुसरं धरणार अशी बातमी आली, की तिथल्या लोकांपेक्षा माझीच धावपळ जास्त! क्रोएशियात युरो आला तेव्हा ऑफिसातले परदेशी जाऊन आलेले लोक मला बघून लिफ्टऐवजी जिना धरायचे.

मग बल्गेरियाची पाळी आली. आणि योग बघा! राजाजीनगरात मी ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, त्या कानडी अण्णांची मुलगी कल्पना नेमकी तिथेच नोकरीला. नववर्षाच्या तोंडावर ती सुट्टीला आलेली. मी माझं पाकीट घेऊन थेट खाली. कल्पना खरेदीला गेली होती, अण्णा-अक्का घरात.

"अण्णा, घोटाळा झालाय! पुढच्या महिन्यात बल्गेरियाच्या नोटा बंद!"

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद! मग हात चोळत बसायचं. आणि माझं काम अजून अर्धवट!"

अण्णांचा चेहरा उतरला. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "तुझ्याकडे किती आहेत रे?"

मी पाकीट पुढे केलं. त्यात तिथल्या लेव्हाच्या मी जमवलेल्या बऱ्याच नोटा होत्या, आणि त्यांत दोन लेव्हांची एक जुनी नोट. ती मिळवायला मला तीन वर्षं लागली होती. "कल्पनाताईंना एवढं दाखवा. बाकी काय करायचं ते त्यांना कळेलच."

म्हणजे, यात काय कमी आहे ते बघून तेवढं आणा. आता तुम्हीच सांगा, हे वाक्य तोंडाने बोलायला माझं काय जात होतं?

अण्णांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. "सरी, ठीक आहे. तू काळजी करू नको. आता आमच्यावर सोड."

किती समजूतदार माणसं! मी शीळ घालत वर गेलो.

फेब्रुवारीत कल्पनाच्या मैत्रिणीबरोबर एक लिफाफा आला. अण्णांनी मला खाली बोलावलं, अक्कांनी समोर फिल्टर कॉफी ठेवली. मी लिफाफा फोडला.

आत युरो! कोऱ्या करकरीत नोटा, वर चार नाणी.

"सगळे बदलून मिळाले!" अण्णा खुशीत. "एक जुनी नोट दुकानदार घेईनात. त्यासाठी कल्पना अर्धा दिवस रजा टाकून तिथल्या मोठ्या बँकेत गेली. रांगेत उभी राहिली, पण सोडलं नाही तिने!"

माझी तीन वर्षं! पण तक्रार कुठल्या तोंडाने करणार? पोरीने माझ्यासाठी रजा टाकली होती.

"फार उपकार झाले," मी कसाबसा म्हणालो.

"उपकार कसले?" अक्का म्हणाल्या. "स्वल्प थांब."

त्या शिलाई मशीनच्या खणातून एक घडी घेऊन आल्या. ब्लाउजच्या मापाचा कागद, आणि त्याच्या आत आपल्या जुन्या पाचशेच्या चार नोटा. लोकांचे ब्लाउज शिवून साठवलेली चिल्लर बँकेत देऊन त्यांनी त्या गुपचूप आणून ठेवल्या होत्या, कल्पनाच्या कानातल्यांसाठी. नोटाबंदीच्या गडबडीत विसरल्या, आणि सापडल्या तेव्हा मुदत उलटून गेली होती.

"बँकेतला माणूस म्हणाला, आता हा कागद आहे अक्का," त्या सांगत होत्या. "त्या दिवशी तू आलास तेव्हा तुझा चेहरा अगदी माझ्या तेव्हाच्या चेहऱ्यासारखा होता. मी ह्यांना म्हटलं, ह्या पोराचं असं होऊ द्यायचं नाही."

अक्कांचे डोळे भरून आले होते. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. आणि मी?

मी नोटांचे नंबर बघत होतो. चारही सलग! एकीलाही मधोमध घडी नाही! आणि काही कळायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, यातली एक मला द्याल?"

अक्कांनी झटकन मान वर केली. चेहरा असा उजळला, की मी तो अजून विसरलेलो नाही.

"का रे? तुझ्या ओळखीचं कोणी अजून बदलून देतं?"