कॅनडातल्या कुत्र्याचं पान

दादा कॅनडात स्थिरावल्यावर त्याने आधी घर घेतलं, मग मोटार आणि मग कुत्रा. घर नि मोटार यांचं मला काही वाटलं नाही. कुत्र्याने मात्र माझ्या पोटात दुखायला लागलं, ते पुढे काही वर्षं दुखतच राहिलं.

इकडे समुद्रकाठी नवापूरला आई आणि मी, आम्ही दोघीच. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई बोंबील सुकवून बोईसरच्या बाजारात विकायची आणि मी तारापूरच्या एका कारखान्यात औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरायची. आईला अक्षरओळख नव्हती. त्यामुळे दादाचं निळं विमानपत्र आलं की ते उघडायचा, वाचायचा आणि उत्तर लिहायचा मान माझा. एरवी आई एका जागी बसेल तर शपथ. पण पत्राच्या दिवशी ती हात धुऊन, कोरडे करून ओट्यावर माझ्या खांद्याला खांदा लावून बसायची. महिन्यातून दोनदा मिळणारा तो अर्धा तास, बाकी मला तिच्याकडून वेगळं काही मिळत नव्हतं.

आणि त्या अर्ध्या तासात हे कुत्रं घुसलं. सकाळी सातला त्याला फिरायला न्यायचं. आल्यावर पाय पुसायचे, त्याचा टॉवेल वेगळा. नाश्त्याला अर्धं उकडलेलं अंडं. दर महिन्याला डॉक्टर, केस कापायला वेगळी बाई, वाढदिवसाला केक. दादा हे सगळं असं लिहायचा जसा काही तो त्याचा थोरला मुलगा. खरा मुलगाही होता त्याला, पण त्याच्या वाट्याला शेवटच्या दोन ओळी यायच्या आणि माझ्या वाट्याला ‘धाकटीला आशीर्वाद’. कुत्र्याचं इंग्रजी नाव आईच्या तोंडात बसेना, म्हणून ती त्याला बाला म्हणायची. पोटच्या पोराला म्हणावं तसं! मी पहाटे उठून विहिरीचं पाणी भरून, डबा घेऊन एसटीमागे पळायची, तेव्हा तो तिकडे गालिच्यावर लोळत असणार. हे मनात आलं की मला त्याचा असा राग यायचा की काय सांगू.

एका शनिवारी कारखान्यात बाटली फुटून माझं बोट कापलं. चार टाके पडले. हाताला ही एवढी पट्टी बांधून मी घरी आले, तर आई दारातच पत्र घेऊन उभी.

“वाच गो लवकर. दुपारपासून येऊन पडलाय.”

पट्टीकडे तिने बघितलं, नाही असं नाही. “काय झाला?” म्हणालीसुद्धा. पण उत्तराला थांबली नाही. मी डाव्या हाताने पत्र फोडून वाचायला लागले. कुत्र्याच्या पंज्यात काच गेली होती.

“आय गो! मुक्या जिवाला किती दुखला असंल,” आई म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढे दादाने लिहिलं होतं की डॉक्टरने काच काढली, दुसऱ्या दिवशी तो बागेत उड्या मारत होता. मी वाचलं, “जखम चिघळली. औषध लागू पडलं नाही. परवा तो गेला.”

वाचताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.

आई उठली. सुतकाचं म्हणून तिने डोक्यावरून पाणी घेतलं. तीन दिवस आमच्या घरात मासा शिजला नाही, आमच्या घरात! शेजारणी बसायला आल्या. एकीने हळूच विचारलं, “तिकडचा कोन गेला गो?” आईने “आमच्या घरातला,” एवढंच सांगितलं. मी आत तोंडावर पदर धरून बसले होते. त्यांना वाटलं, रडते आहे.

मला लाज वाटली का? तेव्हा नाही वाटली, खरं सांगते. कारण आई माझ्याकडे वळली. संध्याकाळी मी येईपर्यंत चहा घ्यायची थांबायची. टाके काढायला माझ्याबरोबर पालघरला आली. मी तिच्या शेजारी बाकावर बसून विचार करत होते, की हे मी आधीच का केलं नाही.

पुढची पत्रं सांभाळणं कठीण गेलं. कुत्रा वगळला की त्यांत हवापाण्याशिवाय फारसं उरेना. “त्याच्या जिवाला लागलाय,” आई म्हणायची, “म्हनून बोलत नाय.” ती दादासाठी सांत्वनाचे शब्द सांगायची आणि मी त्याऐवजी ‘इकडे सर्व ठीक’ लिहायची. फोटो आले ते फाडून खाडीत टाकले.

त्या वर्षी भाद्रपदात दादा एकटाच पंधरा दिवसांसाठी आला. पाहुणे, शेजारी, वाटपाची चॉकलेटं, यात कुत्र्याचा विषय निघाला नाही. मी सतत दोघांच्या मध्ये असायची. सर्वपित्रीला आईने पानं वाढली. आमच्याकडे गेलेल्याला जे आवडायचं ते त्याच्या पानावर वाढून कावळ्यासाठी ठेवतात. बाबांचं, आजोबांचं, आजीचं पान झालं. चौथ्या पानावर तिने अर्धं उकडलेलं अंडं ठेवलं आणि बाजूला दोन बिस्किटं.

“हा कोनाचा?” दादाने विचारलं.

“आपल्या बालाचा. तू विषय काढला नायस, म्हनून मीबी नाय काढला.”

दादाला कळायला वेळ लागला. मग तो खो खो हसत सुटला. “अगो आई, तो चांगला ठणठणीत हाय! मी निघालो तवा गाडीमागं पळत होता.”

आई हसली नाही. जित्या जिवाचं पान वाढलं, म्हणजे त्याचं मरणच चिंतलं. ते पान तिने उचललं, समुद्रावर जाऊन सोडून आली आणि ओल्या पायांनी माझ्यासमोर उभी राहिली.

“आजून काय काय वाचलास नाय तू?”

“बाकी सगळा खरा वाचला, आई.”

“ता मला आता कसा कळायचा?”

ती ओरडली असती, मारलं असतं, तर बरं झालं असतं. दादा परत गेला. तीन आठवड्यांनी मी कामावरून आले, तर आई शेजारच्या ओट्यावर बसलेली. शेजारची नवी सून दहावी झालेली होती. तिच्या हातात निळं पत्र होतं आणि आईचा खांदा तिच्या खांद्याला टेकलेला होता. मी डबा हातात धरून आमच्या दारात उभी राहिले. कुत्र्याचा केला नसेल इतका हेवा त्या क्षणी मी त्या पोरीचा केला.

ती एका शब्दाला अडली. दादाचं अक्षर वाकडंतिकडं, पण मला पाठ. मागचा-पुढचा शब्द ऐकून तिथे काय असेल ते मला उभ्या उभ्या कळलं होतं. आईने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मग त्या मुलीला म्हणाली, “ऱ्हाऊ दे तो शब्द. फुडं वाच.”