व्हिटबीच्या दूर्वा

मी आयुष्यभर गवतावर नोकरी केली. सरकारी प्रयोगशाळा, चाऱ्याच्या गवतांचा विभाग. त्यामुळे गवताबद्दल कुणी काही चुकीचं बोललं की माझं डोकं फिरतं, आणि टोरंटोजवळच्या या व्हिटबीत सगळेच चुकीचं बोलतात. शेजारचा गोरा दर शनिवारी लॉन कापतो आणि ‘केंटकी ब्लू’ आहे म्हणून मिरवतो. ते निळं नाही आणि मूळचं केंटकीचंही नाही, युरोपातून आलेलं आहे. बातम्यांत वादळ-पुरानंतरच्या परिस्थितीला दिवसातून दहादा ‘आफ्टरमॅथ’ म्हणतात. तो शब्द कापणीनंतर पुन्हा फुटलेल्या कोवळ्या गवताचा. बातम्या देणाऱ्याच्या बापाला तरी ठाऊक असेल का?

आता आमच्या इथल्या मराठी मंडळाचं सांगतो. गणपतीच्या दूर्वांचं काम वर्षानुवर्षं माझ्या बायकोकडे. आदल्या दिवशी दुपारी मंडळातल्या सात-आठ मुली आमच्या बेसमेंटमध्ये यायच्या. मुली म्हणजे पुण्या-नागपूरहून आलेल्या, आयटीतल्या, पोरंबाळं असलेल्या बायका. ही बॅकयार्डातलं कुंपणाकडेचं गवत कापून टोपलीत ठेवायची. मग सगळ्यांनी सतरंजीवर बसून तीन-तीन पात्यांची टोकं निवडायची, एकवीसची जुडी बांधायची, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. कुणाची सासू सहा महिन्यांसाठी येणार, कुणाचा नवरा विंटर टायर्स बदलायचं विसरला. मी वर पेपर वाचत कपाळाला हात लावायचो. आमची मुलगी दूर माँट्रियलकडे, ब्रॉसार्डला, तिचा फोन रविवारी, तोही इंग्रजीत. हिला ‘काकू, काकू’ करणारी माणसं घरभर असायची ती त्या एका दुपारी. पुढचा महिनाभर ही त्यावर खूश.

पण ते गवत दूर्वा नव्हतं. दूर्वा इथल्या बर्फात टिकत नाही. ते होतं क्वॅक ग्रास. जुने इंग्रज शेतकरी त्याला क्विच म्हणत, ट्विच म्हणत, काउच म्हणत, स्कच म्हणत, आणि प्रत्येक नावामागे एक शिवी हासडत. क्विच म्हणजे मुळात ‘जिवंत’. उपटा, खणा, मुळाचा बोटभर तुकडा राहिला तरी पुन्हा उगवतं. शेताचा सत्यानाश करणारं हे तण आमची सुशिक्षित मंडळी गणपतीच्या डोक्यावर वाहत होती. मी घरी किती वेळा सांगितलं. ही म्हणायची, “असू दे हो. हिरवं आहे, मनापासून निवडलंय.” यावर शास्त्रज्ञाने काय बोलावं!

दोन वर्षांपूर्वी आरतीनंतर मंडळाच्या अध्यक्षाने, मार्कहॅमच्या कुठल्याशा कंपनीत मॅनेजर असलेल्या पोराने, माझ्या हातात माइक दिला. “काका, दोन शब्द.” मी वीस मिनिटं बोललो. क्विच, ट्विच, सगळं सांगितलं. समोरच्या जुडीतलं एक पातं उचलून ते दूर्वा कसं नाही हेही दाखवलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. रांगेत उभ्या असलेल्या एका मुलीने हातातली जुडी हळूच ताटात परत ठेवली. अध्यक्ष म्हणाला, “व्हेरी इन्फॉर्मेटिव्ह, काका.” ही खाली मान घालून प्रसादाच्या वाट्या भरत होती. मला वाटलं, हिलाही पटलं. काय माझी अक्कल!

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मंडळातल्या एका मुलीचा हिला फोन आला. “काकू, या वर्षीपासून तुम्हाला त्रास नको. कापडी दूर्वा ऑनलाइन मागवल्यात. दर वर्षी त्याच वापरता येतील.” ही म्हणाली, “बरं केलंत बाई.” फोन ठेवला आणि ओटा पुसायला लागली. स्वच्छच होता तो.

मी अध्यक्षाला फोन केला. म्हटलं, अरे, कुठलंही गवत चालतं, देव काही वनस्पतिशास्त्र शिकलेला नाही. तो म्हणाला, “नाही काका, तुम्हीच तर समजावून सांगितलंत. सगळ्यांना पटलंय.” नोकरीतल्या इतक्या वर्षांत माझं म्हणणं एवढ्या लोकांना एकदम कधी पटलं नव्हतं. नेमकं हेच पटायचं होतं.

आदल्या दिवशी दुपारी मी कुंपणाकडे गेलो, टोपलीभर गवत कापलं, आणि बेसमेंटमध्ये सतरंजी अंथरली. गुडघे धरून खाली बसलो. ही जिन्यात उभी राहून बघत होती.

“ये ना,” मी म्हटलं, “दोघं मिळून निवडू. मी बसतो तुझ्याबरोबर.”

“तुम्ही बसाल हो,” ती म्हणाली. “पण माझ्याशी काय बोलाल?”