मोटारीला न सांगितलेली गोष्ट

अक्कलकुव्याच्या बाजाराला आम्ही ज्या मोटारीने जायचो, तिची विलायती कंपनी बुडून जमाना झाला होता. सुटे भाग मिळत नसत. ड्रायव्हर बाभळीचं लाकूड तासून, जुन्या मोटेचं चामडं कापून भागवायचा. त्याचं नाव कुणीच विचारलं नाही.

एकदा ड्रायव्हरशेजारी बसलेला एक पाहुणा मोठ्याने म्हणाला, "अहो, ही कंपनी तर केव्हाच बुडाली!"

ड्रायव्हरने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोला, भाऊ! गाडीले माहीत नही."

आम्ही खो खो हसलो. पुढच्याच चढावर मोटार बंद पडली, तेव्हा मात्र कुणी हसेना.

ड्रायव्हर उतरला. बॉनेटवर हात फिरवत म्हणाला, "तो खोटं बोलस, माय. तुन्ही कंपनी मजामा शे."

हँडल मारताच मोटार धडधडली. अक्कलकुवा येईपर्यंत पाहुणा घसा ताणून कंपनीची भरभराट सांगत होता.