ओल्या चुन्याखालचं नाव

शिरूरच्या जुन्या पेठेतली आमची गल्ली एकशे चाळीस पावलांची. परत येताना एकशे बेचाळीस भरतात. चढामुळे पाऊल आखूड पडत असावं. दोन्ही बाजूंना मिळून एकतीस घरं. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटा आणि चुन्याचा गिलावा. नऊ घरांना रस्त्यावर आलेला लाकडी सज्जा होता, त्यातल्या चारच सज्ज्यांखाली कोरीव लाकडी टेकू शिल्लक होते. बाकीचे लोखंडी पट्ट्या मारून सावरलेले.

मी दौंडला रेल्वेत नोकरीला होतो. रविवारी एस.टी.ने घरी आलो, की दुपारी टेप आणि वही घेऊन गल्लीतून फिरायचो. हा नाद बहीण गेल्यानंतर लागला. त्याआधी चाळीस वर्षांत मी या भिंतींकडे मान वर करून पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे लग्न निघालं, की दाराशेजारची भिंत पांढरी करून तिच्यावर चित्रं काढून घेत. मधे गणपती, दोन्ही बाजूंना भाले घेतलेले भालदार, खाली वेलबुट्टी आणि ठळक अक्षरांत नवरानवरीची नावं. घरात पुढचं लग्न निघेपर्यंत त्या भिंतीला कुणी हात लावत नसे. त्यामुळे गल्लीतून चालत गेलं, की तीस वर्षांतली लग्नं वाचत जाता यायची. चित्रं सगळी एकाच हातची. गल्लीच्या तोंडाशी राहणारे पेंटरमामा ती काढत. मुसलमान माणूस, पण गणपतीची सोंड कुठल्या बाजूला वळवायची हे घरमालकाला विचारल्याशिवाय ब्रश उचलत नसत. मी सगळे भालदार मोजले, बावीस भरले. प्रत्येक जोडीतला डावीकडचा दोन बोटं बुटका होता. मामांना विचारलं, तर म्हणाले, "उजवा आदी काढतो. डाव्यापत्तुर हात भरून येतो. तीस वर्सांत कुनी टेप लावला न्हवता, साहेब. आन् जरा जपून फिरा. नगरपालिकेचा मानूस समजून लोक रातोरात रस्त्यावर आलेले वटे काढून टाकत्याल."

आमच्या भिंतीवर माझ्या बहिणीचं नाव होतं. तीन अक्षरी, निळीने लिहिलेलं, प्रत्येक अक्षर नऊ इंच उंच. नव्वदीच्या सुरुवातीला तिचं लग्न झालं आणि ती दौंडला दिली. लग्नातच जावईबापूंनी तांदळाच्या ताटात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. पुढे रेशनकार्डावर तेच, मतदार यादीतही तेच. सहा वर्षांनी ती काविळीने गेली. मूलबाळ नव्हतं. मृत्यूची नोंद करायला मीच गेलो होतो आणि नियमाप्रमाणे सासरचं नाव सांगितलं. दाखला घरी आणून वडिलांना वाचून दाखवला, तर ते म्हणाले, "ही कोन?"

मी म्हणालो, "आबा, आपलीच."

"आपलीचं नाव ते न्हाई."

कागद बरोबर होता. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव असणार, पण तो सासरच्या कुठल्या ट्रंकेत गेला, हे आम्ही विचारलं नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं ते नाव आता एकाच ठिकाणी होतं. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनचं नाव काढलं की विषय बदलायचे. भिंतीवरचं त्यांना दिसत नव्हतं, तरी रोज सकाळी समोरच्या घराच्या ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसत.

मग धाकट्या भावाचं लग्न ठरलं. तो कारेगावला खोली घेऊन कंपनीत कामाला जायचा. मुलीकडची माणसं घर बघायला येणार होती. आत्या आठ दिवस आधी आली आणि दारातच थांबली.

"दादा, ही भिंत आदी धुवून काढ. नवी सून येनार आन् दारात गेलेलीचं नाव?"

आबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी मधला मार्ग काढला. नावाची जागा तेवढी, सव्वातीन फूट बाय एक फूट, सोडून बाकीची भिंत पांढरी करावी. वहीत आकृतीही काढली.

"व्हय, आन् त्या ठिगळाखाली नव्या नवरीचं नाव लिवा," आत्या म्हणाली. "लई शिकलास तू."

आबा माझ्याकडे वळले. "तू थोरला हायेस. तू सांग."

मुलीकडच्यांना काय वाटेल, हे मलाही कळत होतं. मी म्हणालो, "चुना देऊन घेऊ."

"बरं," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरमामा आले. चुना रात्रीच भिजवलेला, त्यात डिंक घातलेला. आबा नेहमीच्या जागी जाऊन बसले आणि मी त्यांच्या शेजारी. मामांनी वरून सुरुवात केली, उभा हात आणि लगेच त्यावर आडवा. गणपतीवरून ब्रश फिरला, भालदारांवरून फिरला, शेवटी नावावरून. मला वाटलं होतं, ब्रश फिरला की सगळं जाईल. तसं झालं नाही. ओल्या चुन्याखाली निळी अक्षरं आधीपेक्षा गडद दिसत होती. इतक्या वर्षांची धूळ तेवढी निघाली होती.

"गेलं का?" आबांनी विचारलं.

"नाही. दिसतंय."

"दिसतंय?"

"चांगलं दिसतंय."

मामांनी ब्रश थांबवून आमच्याकडे मान वळवली. "आबा, चुना वला हाय तवर दिसनार. वाळंल तसा पांढरा चढंल."

"चढू द्या," आबा म्हणाले.

उन्हं भिंतीवर वरून उतरत होती. आधी गणपतीचा मुकुट गेला, मग भालदारांचे फेटे, मग भाले. आबा थोड्या थोड्या वेळाने विचारत आणि मी जे होतं ते सांगत होतो. तिन्ही अक्षरं आहेत. पहिलं पुसट झालंय. आता दोनच. चहा आला, तो दोघांनीही तसाच ठेवला. पाऊण तासाने शेवटच्या अक्षराचा काना राहिला, बोटभर निळी रेघ. मी तिच्यावर नजर ठेवून होतो, तरी ती नेमकी कधी गेली ते मला सांगता येणार नाही.

भिंत कोरी झाली होती. मामा शिडी आवरून ब्रश धूत होते.

"दिसतंय का?" आबांनी विचारलं.

मी म्हणालो, "दिसतंय, आबा. थोडं."

मामांचा हात बादलीत थांबला. आबांनी मान डोलावली आणि भिंतीकडे तोंड करून तसेच बसून राहिले. जेवायला हाक आली, तेव्हा म्हणाले, "तुमी व्हा फुडं. मी हाय हितं."