पाटावरची रिकामी जागा

सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे माझी लायकी तुमच्या लक्षात येईल. शिरीषदादा गेल्यावर त्याच्या सामानातून सुनंदावहिनींनी मला आठवण म्हणून एक जड, काळं, पायाने दाबायचं पेडल दिलं. मी ते घरी आणून मोठ्या प्रेमाने बायकोच्या, म्हणजे मंजिरीच्या, शिलाई मशीनला जोडायला गेलो. पिन काही केल्या बसेना. कारागीर बोलावला, तोही घामाघूम. शेवटी मुलीने बेंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि कपाळाला हात लावला — "बाबा, ते गिटारचं वा-पेडल आहे."

तर असा मी. बडोद्यात समाला राहतो, नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. आयुष्यभर जे परीक्षानळीत दिसतं तेवढंच खरं मानलं. भुतंखेतं, मूठ मारणं, नजर लागणं... या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर, गालात हसत वाचत आलो. आता तुम्ही हसा.

शिरीषदादा माझा मामेभाऊ. फतेगंजला घर. आमचे मामा म्हणजे जुन्या संस्थानी फौजेतल्या घराण्यातले — पणजोबा घोडदळात, आजोबा बिगुल वाजवायचे. घरात अजून एक तलवार आहे. शिरीषदादाच्या डोक्यात मात्र लहानपणापासून विलायती रॉक गिटार. नुसतं ऐकणं नाही हं... "हा आवाज निघतो कशातून?" हे त्याचं वेड. कुठल्या गिटारवाल्याने स्पीकरच्या कागदाला ब्लेडने चिरा पाडून तो खरखरीत आवाज काढला, कोण प्लेक्ट्रमऐवजी नाण्याने तारा छेडतो, कोणी भंगारातल्या सर्किटमधून घरीच अँप, म्हणजे अँप्लिफायर, बनवला — हे सगळं त्याला तोंडपाठ. परदेशी अँप घ्यायची ऐपत नव्हती. मग त्याने जुन्या बाजारातून व्हॉल्व्हचे बंद पडलेले रेडिओ गोळा केले आणि कित्येक वर्षं खपून स्वतःचा अँप बांधला. मामांच्या दाढीच्या ब्लेडने स्पीकरही चिरला. मामांनी बोलणं टाकलं होतं आठवडाभर. फझचं, म्हणजे आवाज फाटका करायचं, सर्किट मामीच्या हिंगाच्या डब्यात बसवलं होतं, त्यामुळे त्याच्या रॉकला कायम फोडणीचा वास यायचा.

पण आवाज... काय सांगू. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, तरी अंगावर काटा यायचा. अँप लावला की व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत तो थांबायचा आणि सगळ्यात आधी आजोबांच्या बिगुलाची सलामी वाजवायचा. नेहमी. शेवटचा सूर लांबवायचा, तो अँपसमोर गुरगुरत राहायचा. मग पुढचं.

त्याच्या बँडमध्ये धनंजय म्हणून एक होता. शाळेपासूनचा मित्र, वहिनींच्या हातचं वर्षानुवर्षं जेवलेला. शिरीषदादा आजारी पडल्यावर "दुरुस्त करून आणतो" म्हणून तो अँप घेऊन गेला, तो गेलाच. वर्षभराच्या आजारपणात एकदाही भेटायला आला नाही. दादा शेवटपर्यंत विचारत होता, धन्या आणणार होता ना अँप? वहिनी सांगायच्या, व्हॉल्व्ह मिळत नाहीये म्हणतो, आणेल.

धनंजय आज बडोद्यात मोठं नाव आहे. क्लास चालवतो, नवरात्रात मोठ्या गरब्याच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. इंटरनेटवर त्याचे व्हिडिओ आहेत. नामवंत गिटारवादकांचे अँप आणि इफेक्ट यांचा अभ्यास करून "मी" हा अँप कसा बांधला. ब्लेडची गोष्ट, नाण्याची गोष्ट, हिंगाचा डबासुद्धा. स्वतःच्या आईचा म्हणून! शिरीषदादाचं नाव एकदाही नाही. वहिनींनी ते सगळे व्हिडिओ पाहिलेत. एकटीने बसून.

गेल्या नवरात्रात वहिनींनी त्याला फोन केला. आमच्यात खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. तलवारीशेजारी शिरीषदादाचा अँपही दरवर्षी बसायचा, हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल वाहून. दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत पूजेतल्या वस्तूला कामाला लावत नाहीत. वहिनींचं म्हणणं एवढंच — एक दिवस आण, दुसऱ्या दिवशी घेऊन जा. फोन स्पीकरवर होता, मी आणि मंजिरी तिथेच होतो.

धनंजय म्हणाला, "वहिनी, नवमीला प्रोग्राम आहे. आणि खरं सांगू का, दादा नुसतं सोल्डरिंग करायचा. आवाज माझा होता."

वहिनी फोनच्या जवळ सरकल्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "बरं. ज्याचा आवाज असेल त्याचा येऊ दे."

नवमीला सकाळी त्यांनी तलवारीचा पाट मांडला आणि शेजारी दुसरा पाट, रिकामा. त्यावर काहीच नाही. त्या रिकाम्या जागेला त्यांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फूल ठेवलं. मला ते बघवेना. मी म्हटलं, मी जाऊन आणतो त्याच्याकडून, तासाभरासाठी तरी. मंजिरी म्हणाली, तुम्ही गेलात तर तो अजून एखादी वस्तू मागून घेईल. तरीही गेलो.

दुपारची वेळ. गरब्याच्या मैदानावर साउंड चेक चालला होता. धनंजयच्या भोवती चार-पाच पोरं, आणि तो अँपवर हात टेकून ब्लेडचीच गोष्ट सांगत होता. मला बघून म्हणाला, "ये बंड्या, तूही ऐक. शिरीषला कधी जमला नाही असा टोन काढून दाखवतो."

मी मागणी मांडायच्या आत त्याने अँप चालू केला. व्हॉल्व्ह लाल झाले. त्याने झोकात हात मारला... आणि काही नाही. नुसती घूंऽऽ. गिटार बदलली, वायर बदलली, फझ काढून सरळ जोडली. घूंऽऽ. एका पोराने तीच गिटार घेतली तर खणखणीत वाजली! धनंजयने हातात घेतली की पुन्हा गप्प. मी मनात म्हटलं, लूज कॉन्टॅक्ट. माझं सगळं आयुष्य लूज कॉन्टॅक्टवर विश्वास ठेवण्यात गेलंय.

शेवटी साउंडवाला जिग्नेशभाई पुढे आला आणि त्याने अँपमधून गिटारची वायर उपटून काढली.

आणि अँप वाजला.

बिगुलाची सलामी. फझ काढलेला असूनही फझच्याच आवाजात, चिरलेल्या स्पीकरच्या त्या खरखरीसकट. सावकाश. पहिल्या सुरापासून. मला वाटलं कोणीतरी कुठूनतरी वाजवतंय, मी वेड्यासारखा सगळ्यांचे हात बघत होतो. जिग्नेशभाई वायर वर धरून पुटपुटला, "साहेब, वायर तो मारा हाथमां छे."

धनंजयने झडप घालून, एक हात अँपवर टेकून, मेनचा प्लग खेचला. व्हॉल्व्ह विझताना मी पाहिले, लाल, मग तपकिरी, मग काळे. सलामी मात्र थांबली नाही. पूर्ण झाली, शेवटचा सूर लांबला, गुरगुरला, मग विरला. धनंजयने अँपवरचा हात उचलला, तर तळवा लाल-पिवळा. ओलं हळदकुंकू. मी लगेच मनात गंज म्हटलं. गंजाला अक्षता चिकटत नाहीत, हे मात्र क्वालिटी कंट्रोलच्या माणसालाही कळतं.

त्या दिवशी त्याने दुसऱ्याचा नवा अँप घेतला. मूग गिळून बसला तोही. क्लासमधले, दुकानातले, सगळे. कुठलीही गिटार, कुठलाही अँप — धनंजयच्या हातातून आवाज जात नाही. बोटं चालतात, डॉक्टरांच्या मते हात उत्तम. साध्या लाकडी गिटारवरसुद्धा तारा हलतात, ऐकू काही येत नाही. मी स्वतः पाहिलंय.

दिवाळीच्या आत तो अँप टेम्पोत घालून फतेगंजला आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून रडला. शिरीषदादाच्या नावाचा व्हिडिओ टाकला, सगळं कबूल केलं. वहिनींनी पाणी दिलं. तो म्हणाला, वहिनी, आता सोडा. वहिनी म्हणाल्या, "मी काय धरलंय? आवाज तुझा होता ना? मग तुझ्याकडेच असणार. शोध." आणि दार लावून घेतलं.

अँप आता त्यांच्या बाहेरच्या खोलीत आहे, ठणठणीत. माझ्यासारख्याने तार छेडली तरी वाजतो. उघडून पाहिला, व्हॉल्व्ह, कपॅसिटर, जोडण्या... कुठेही काही नाही. दोन इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना विचारलं. एकाने पाच सिद्धांत सांगितले, दुसऱ्याने मला नीट झोप घ्यायला सांगितलं.  तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर कळवा, पण गंज म्हणू नका.

गेल्या रविवारी धनंजय मला रस्त्यात भेटला. क्लास बंद झालाय. खांदे पार उतरलेत.  घरी येऊन मी मंजिरीला म्हटलं, वहिनींना सांगून बघू का? पुरे झालं आता.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा करायला मीच होते त्यांच्याबरोबर. तलवारीवर अक्षता टाकल्या, जरा हलवली, उठवली. तो दुसरा पाट उठवलाच नाही त्यांनी. अजून तसाच आहे आतल्या खोलीत, रोज फूल बदलतात."

मी विचारलं, तू काही बोलली नाहीस?

"बोलले की. म्हटलं, वहिनी, हा राहिला. तर म्हणाल्या, राहू दे, यांनी वर्षभर वाट पाहिली त्याची." मंजिरीने एक किडकी शेंग बाजूला टाकली. "मग मी माझ्याकडचं फूल दिलं."