गोधडीतला टॅब

लातूरच्या क्लासने माझ्या मुलीला टॅब दिला, तेव्हा तो घरात आल्या आल्या मी त्याचं माप घेतलं. मी शिवणकाम करणारी बाई. नवी वस्तू दिसली की माझा हात टेपकडे जातो. दिवे लागायच्या आत मी त्याला गोधडीची खोळ शिवून तयार केली. आत माझ्या आईचं जुनं सुती लुगडं तीन पदरी, वरून लाल दोऱ्याचे टाके. मुलगी म्हणाली, "आई, ह्याचं कव्हर मिळतं गं दुकानात." मी म्हणाले, "मिळत असंल. त्याला काय गोधडीची सर येती?"

हे वेड माझं एकटीचं नाही. माझं माहेर औसा तालुक्यातलं, भूकंपात पडलेल्या गावांपैकी एक. आमचं घर पडलं तेव्हा माझा तान्हा भाऊ वलणीच्या दोरीवरून पडलेल्या गोधड्यांच्या ढिगाखाली सापडला. जिवंत, आणि भुकेने चिडलेला. पुनर्वसनाच्या घरांत राहायला गेल्यावर आमच्या लोकांनी दोन गोष्टी घट्ट धरल्या. जड वस्तू फळीवर ठेवायची नाही आणि जपायची वस्तू गोधडीत गुंडाळायची. रेडिओ गोधडीत, गजराचं घड्याळ गोधडीत, बरण्याही गोधडीत. लग्न होऊन भोकरला आले तेव्हा सासरची माणसं माझ्या ह्या सवयीला हसायची. मी त्यांना खुशाल हसू दिलं. ज्यांच्या डोक्यावरचं माळवद कधी खाली आलं नाही, त्यांना काय समजावत बसायचं?

मुलीचं क्लासचं हे दुसरं वर्ष होतं. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत पहिल्या खेपेला तिने उत्तरपत्रिकेवरचा एक गोल चुकून मोकळा सोडला आणि त्यापुढची सगळी उत्तरं एकेक घर सरकली. निकालानंतर पोरगी महिनाभर एकच वाक्य बोलत होती, "माझ्याच हातानं झालं." शेवटी असं ठरलं, की आणखी एकदा बसायचं, पण हे शेवटचं. तिचे बाबा शेतासाठी भोकरला राहिले आणि मी शिलाई मशीन घेऊन तिच्यासोबत लातुरात एका पत्र्याच्या खोलीत आले. आमच्या गल्लीत अशा पोरांमागे आलेल्या आया घराघरांत होत्या.

त्या टॅबमध्ये क्लासचे सगळे धडे होतेच, पण खरं धन वेगळं होतं. सराव परीक्षेत जे जे चुकायचं ते ती त्याच्यावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवायची. वर्षभराच्या चुका, आणि प्रत्येकीपुढे ती का झाली ते. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते पान उघडलं की तिचा चेहरा शांत व्हायचा.

दुपारी ती सराव परीक्षेला गेली की टॅब चार्जिंगला लावायचं काम माझ्याकडे. मी तो खोळीत ठेवूनच लावायची, वरून आणखी एक दुपटं. खोलीत धूळ फार आणि पाली त्याहून फार. मधूनच हात लावून बघायची, तर चांगला गरम लागायचा. त्याचं मला समाधान वाटायचं. लेकरू असो की वस्तू, उबेत आहे म्हणजे सुखात आहे, एवढंच माझं शास्त्र.

परीक्षा पाच आठवड्यांवर आली आणि एके दिवशी टॅबची काच एका बाजूने उचलली गेली. मागची बाजू पुरीसारखी फुगली होती. मुलीच्या तोंडावरचा रंगच उडाला. चार दिवसांपूर्वी तो तिच्या हातून फरशीवर पडला होता आणि तिने ते मला सांगितलं नव्हतं. "मीच केलं, आई. माझ्याच हातानं झालं." पुन्हा तेच वाक्य. तिला जवळ घ्यायचं सोडून मी नको तिथे अक्कल चालवली. वाळताना वाकडे झालेले पापड मी वजनाखाली बसवते, तसं टॅबवर पोळपाट ठेवला, त्यावर जीवशास्त्राची जाडजूड पुस्तकं रचली आणि म्हणाले, "उद्यापर्यंत सपाट हुईल बघ."

उद्या उजाडला. टॅब अजूनच फुगला होता. मुलगी क्लासला गेली नाही, जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. टॅबचं जाऊ दे, पोरगीच हातची चालली असं मला वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला जवळजवळ ओढतच गंजगोलाईजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हातारे मुसलमान गृहस्थ, आधी रेडिओ दुरुस्त करायचे, आता मोबाइल. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी पिशवीतून खोळ काढली, खोळीतून टॅब काढला, आणि चाचा खुर्चीवरून उठलेच.

"दाबलं कुणी ह्याला?"

"मी. पोळपाट ठेवला होता."

"या अल्ला! ताई, बॅटरी फुगलीय ही. हिला दाबायचं न्हाई, टोचायचं न्हाई, चार्जिंगला तर बिलकुल लावायचं न्हाई. भडकली असती तर पुस्तकासकट खोली गेली असती तुमची."

मुलगी ते ऐकायलाही थांबली नाही. माझा फोन घेऊन रस्त्यापलीकडच्या ओट्यावर पाठ फिरवून बसली. चाचांनी टॅब बाहेरच्या पायरीवर नेला, हळूहळू मागचं झाकण सोडवलं आणि फुगलेली बॅटरी काढून वाळूच्या बादलीत ठेवली. मग चार्जरची पिन जाते त्या भोकातून त्यांनी चिमट्याने काहीतरी ओढलं. लाल दोरा, त्याला चिकटलेली सुताची लव. त्यांनी आधी दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या खोळीकडे.

"गोधडीत घालून चार्जिंग करून राहिल्या का?"

"हाव," मी म्हणाले. "पण पडल्यानं झालं असंल ना, चाचा?" ते हो म्हणतील अशी मला आशा होती, खोटं कशाला बोलू?

"पडल्यानं कोपऱ्याचा टवका उडाला, बस. माझ्या मते हे गर्मीचं काम हाय. ह्याची गर्मी बाहेर पडाया पाहिजे. उघडा ठेवायचा, फरशीवर, खोळ काढून. चार्ज झाला की पिन काढायची." मग माझा चेहरा पाहून आवाज खाली आणत म्हणाले, "लेकीनं लिहिलेलं सगळं शाबूत हाय. ते बॅटरीत नसतं. नांदेडहून नवी बॅटरी मागवतो, परवा या."

परतताना माझ्या मुठीत तो लाल दोरा होता. गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. मुलीने दोष आपल्या अंगावर घेतलेलाच होता, मला साधं खोटंही बोलावं लागलं नसतं. घर येईपर्यंत मी गप्पच होते, आणि ह्याची मला आजही लाज वाटते.

घरी आल्यावर ती खोलीतल्या दोरीवरचे आपले कपडे काढून पिशवीत भरायला लागली. धुवायला घेतेय असं मला वाटलं. मी तिच्यापुढे मूठ उघडली.

"टॅब मी बिघडवला. गोधडीत कोंडून कोंडून. तुझ्या हातून पडल्यानं नुसता टवका गेलाय. चाचा म्हणाले."

ती दोऱ्याकडे बघत राहिली. मग जी भडकली! "आई, तीन दिवस! तीन दिवस मी स्वतःला शिव्या घालून राहिले! आणि वरून पोळपाट ठेवलास!" पोरगी मला भरपूर बोलली आणि मी मान खाली घालून ऐकत होते. तीन दिवसांनी तिच्या गळ्यातून आवाज निघत होता, मला आणखी काय पाहिजे होतं?

दम लागल्यावर ती थांबली. "आणि माझं लिहिलेलं?"

"सगळं शाबूत हाय."

तिने पिशवीतले कपडे काढले आणि एकेक करून पुन्हा दोरीवर टाकले. मला काही समजेना. तेवढ्यात तिने माझा फोन उचलला.

"हॅलो, बाबा? उद्या न्यायला येऊ नका. मी परीक्षेला बसणार हाय. टॅब आईनं बिघडवलाय!"

इतक्या आनंदाने माझी चहाडी आजवर कुणी केली नव्हती.