तात्यांनी दमवलेल्या मशीन

"अजून दमली न्हाय," असं म्हणत तात्या कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, डोळे मिटून. समोर गिऱ्हाईक ताटकळत उभं असायचं. मशीन दुरुस्त होऊन छान चालू आहे, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत असायचं. पण तात्या ती देतील तर शपथ.

"आता चालतीय की तात्या!"

"दुकानात सगळ्याच चालत्यात. दमवून बघू, मग न्या."

मी तुळजापुरात बसस्टँडजवळच्या एका लॉजचा मॅनेजर. तात्यांचं दुकान बरोबर आमच्या समोर, रस्त्यापलीकडे. त्यामुळे त्यांचा हा छळवाद मी वर्षानुवर्षं काउंटरवर बसून फुकटात बघितला. तुम्हीही बघितला असता तर माझ्यासारखंच आधी हसला असता आणि मग आपली मशीन त्यांच्याकडेच टाकली असती.

दुकानावर पत्रा होता. मे महिन्यात त्या पत्र्याखाली माणूस उकडून निघायचा, आणि नेमका तोच मुहूर्त तात्यांना पसंत. भर दुपारी पंखा बंद करून ते मशीनला कामाला जुंपायचे. एकीकडे मोठमोठे आकडे गुणत बसणारा प्रोग्रॅम, दुसरीकडे फायलींचा ढीग इकडून तिकडे, तिकडून इकडे. वर चार लग्नांचे व्हिडिओ एकदम चालू. एवढं सगळं रंगात आलं की तात्या उठून मेन स्विच खाली ओढायचे. "लाईट गेल्यावर काय करती बघू." मशीन पुन्हा उठून बसली की पुन्हा तेच. मध्येच एखादीचा पडदा निळाशार होऊन ती बंद पडली, की इतर दुकानदार कपाळाला हात लावतील, पण तात्यांचा चेहरा उजळायचा. "सापडली! चोर सापडला!" असं ओरडून ते गिऱ्हाइकाला चहा मागवायचे.

एकदा सोनारीचे एक मास्तर शाळेची मशीन न्यायला आले होते. हार घालून गावात न्यायची म्हणून जीप करून आले होते, हारही बरोबर होता. तात्यांनी त्यांच्यादेखत तिला शेवटचा ताण दिला आणि ती पडली. मास्तरांचा चेहरा पाहवेना. तात्या मात्र खूश. "गावात पडली असती तर, मास्तर? इथं पडली ते बरं न्हाय का?" शेवटी मास्तरांनी तो हार तात्यांच्याच गळ्यात घातला आणि मोकळ्या जीपमधून परत गेले.

ही विद्या तात्या कुठल्या कॉलेजात शिकले नव्हते. त्यांचं मूळ गाव तेर. घरी बैल. "बाजारात बैल घेताना काय करत्यात? गाडीची चाकं दोरानं बांधत्यात आन् वढायला लावत्यात. बसला, तर बैल परत. मंग मशीन काय नुसती शिंगं बघून द्यायची व्हय?" यावर काय बोलणार! नवी खुर्ची आणली तर ते आधी तिच्यावर धपकन बसून बघायचे, मग उभे राहून. छत्री विकत घेताना त्यांनी ती दुकानातल्या मोठ्या पंख्यापुढे धरली होती. तो दुकानदार पुढे त्यांना बघितलं की शटर अर्धं खाली घ्यायचा.

पण खरी परीक्षा ठरली ती त्यांच्या मुलीची. पोरगी हुशार. सोलापूरला हार्डवेअरचं शिकून आली आणि म्हणाली, मला बाहेर नोकरी नको, दुकान मीच चालवते. लग्नासाठी आलेल्या स्थळांनाही तिनं हेच सांगितलं. तात्यांचे गुडघे गेलेले, स्टुलावरून उठताना तोंडातून आवाज निघायचा. दुसऱ्या कुठल्याही बापानं किल्ली काढून दिली असती. तात्यांनी मला साक्षीला बोलावलं.

"हिला नवरात्रात एकटीला सोडतो," ते म्हणाले. "गर्दीत सगळ्या लॉजच्या, दुकानांच्या मशीन हिच्याच जिवावर. म्या तेरला जाऊन बसतो. पौर्णिमेपर्यंत मला एक जरी फोन आला, हिचा नाहीतर गिऱ्हाइकाचा, तर दुकान माझंच ऱ्हाईल. न्हाय आला, तर हिचं."

"मान्य," पोरगी म्हणाली. बापाकडे न बघता ती स्क्रू आवळत होती.

नवरात्रात तुळजापूर कसं असतं हे ज्यानं बघितलं त्याला सांगायला नको. आमच्या काउंटरपुढे रांग हटत नाही. आणि या सगळ्यात पहिल्याच दिवशी माझा फोन वाजला. तेरहून तात्या.

"मशीन बरी हाय ना?"

"तात्या, फोन करायचा नाही असं ठरलं होतं."

"तुमी करायचा न्हाय. म्या केल्याला चालतंय."

मग ते रोजच सुरू झालं. सकाळी एकदा, जेवण झाल्यावर एकदा. "सगळं झकास" म्हटलं तर चिडायचे. "नवरात्रात झकास कुणाचं आसतं? खरं सांगा, पडली ना?" एवढ्या मशीन दमवल्या त्यांनी, पण चार दिवसांच्या ताणानं आधी कोण बसलं, ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

आणि मग ऐन गर्दीत आमची मशीन खरोखरच अडली. पडली नाही, पडली असती तरी बरं झालं असतं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला आणि खाली अक्षरं आली: अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नका. कोणाची खोली कोणती, कोणाचं बुकिंग कधीचं, सगळं तिच्या पोटात. समोर बोचकी घेऊन उभी असलेली माणसं, रडणारी लेकरं. कराडहून आलेल्या एका आजीबाई मला म्हणाल्या, "बाळा, देवीचं दर्शन सोपं, तुझी खोली अवघड." घामानं माझा सदरा पाठीला चिकटला. तात्यांचा नंबर मी मोबाइलवर काढला होता, अंगठा बटणावर होता. दाबला असता तर पोरीचं दुकान गेलं असतं. मोबाइल खिशात टाकला आणि दारात येऊन रस्त्यापलीकडे नुसती बोंब मारली, "अगं ए पोरी!"

ती आली ती डोक्यावर डबा घेऊन. त्या गर्दीत दुसरा मार्गच नव्हता. लोकांना वाटलं पूजेचं काहीतरी चाललंय, त्यांनी पटापट वाट करून दिली. तिनं आमची मशीन बाजूला सरकवली, डोक्यावरची लावली. आमचं कालपर्यंतचं सगळं बुकिंग तिच्यात आधीच होतं.

"हे कधी केलंस गं?"

"काल सांजच्याला तुमच्या काउंटरवर येऊन सगळं उतरवून घेतलं न्हाय का, तवाच," ती म्हणाली. "तात्यांनी मशीन लई दमवल्या, काका. पण सगळ्या नेट काढून. नेट आसलं की तिचं ध्यान उडतं म्हणायचे. मंग हे अपडेट त्यांना दिसणार कुठनं? म्हणून म्या ही तयार ठेवली. तिचं होईस्तोवर हिच्यावर चालवा." आणि आजीबाईंना खोलीची किल्ली देऊन ती आली तशी निघून गेली.

रांग जरा ओसरल्यावर मी बाहेर आलो, तर ओटीच्या सामानाच्या गाड्याआड तोंडाला उपरणं गुंडाळलेला एक यात्रेकरू उभा. उभं राहायची ढब लपत नव्हती. मी जाऊन उपरणं खाली ओढलं.

"तात्या!"

"वरडू नका," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरलेले होते. "समदं बघितलं. आत यायला पाय उचलला हुता बघा. हितंच हा बांबू धरून उभा ऱ्हायलो." बांबू त्यांनी अजून सोडला नव्हता. गाडेवाला वैतागून त्यांच्याकडे बघत होता.

मी त्यांना चहाला नेलं. बशीत चहा ओतून त्यांनी दोन घोट घेतले. मग म्हणाले, "मशीन पडती का, येवढंच म्या बघत बसलो. पडल्यावर माणसाचं काम चालू ऱ्हायला पायजे, हे हिला कुणी शिकवलं?" त्या म्हाताऱ्याबद्दल मला त्या वेळी फार माया वाटली. बसमध्ये चढताना त्यांनी माझा हात धरून बजावलं, "म्या आलतो हे तिला सांगू नका."

मी नाही सांगितलं. पौर्णिमा झाली, फोन गेला नाही, दुकान पोरीचं झालं. तात्या आता तेरलाच असतात. आमच्याकडे ठेवलेली तिची मशीन परत न्यायला ती आली तेव्हा मी सहज म्हणालो, "तात्या असते तर बघून खूश झाले असते."

"बघितलंच की त्यांनी," ती म्हणाली. "गाड्याआड हुते. डबा डोक्यावर घेऊन येतानाच दिसले."

"मग हाक नाही मारलीस?"

"लई वाटलं काका, हाक मारावी. गुडघे दुखत आसतील, बसा म्हणावं." तिनं वायर नीट गुंडाळली. "पण हाक मारली आसती, तर त्यांनी ती फोनात धरली आसती."